तारखेची चौकट

जन्मापासून मला दिसत नाही. नोकरी लागली ती कानांच्या जोरावर. नागपूरला अंधांच्या शाळेत शिकलो, तिथंच टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला आणि मध्य प्रदेशात बालाघाटला परत येऊन एका सरकारी कार्यालयाच्या टेलिफोन बोर्डावर बसलो. कार्यालय हातपंपांचं. जिल्ह्यात कुठं हातपंप बिघडला की फोन आमच्याकडे यायचा. लांजीचा माणूस ओरडून बोलायचा, लामत्याचा सरपंच आधी तब्येत विचारायचा आणि मग भांडायचा. मी ऐकून घ्यायचो आणि ज्याचं काम त्याला जोडून द्यायचो. साहेब जिना कसे चढले यावरून मला कळायचं की आज कुणाचा फोन आत द्यायचा आणि कुणाला "मीटिंग में हैं" म्हणायचं.

मग नवीन मशीन आली आणि फोन आपोआप लागायला लागले. दोन माणसं येऊन माझा बोर्ड उचलून घेऊन गेली. टेबल तिथंच राहिलं, आणि टेबलामागं मी.

कोणी वाईट वागलं नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. साहेब स्वतः येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आप बिल्कुल चिंता मत करो. नौकरी पक्की है. आराम से बैठो." चहा सगळ्यात आधी मला मिळायचा. उन्हाळ्यात कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलेलं असायचं. मी सकाळी यायचो, हजेरी लावायचो आणि बसायचो. बसण्याचं काम किती जड असतं हे ज्याला करावं लागलं नाही त्याला सांगून कळत नाही. शेजारच्या खोलीत शिक्के पडायचे, कोणी तरी फाईल शोधत असायचं, कोणावर तरी साहेब चिडायचे. माझ्यावर कोणी चिडायचंसुद्धा नाही.

घरी बोललो तर बायको म्हणायची, "पगार तं येऊन राह्यला ना? लोक तरसतात अशा नोकरीले." ती अंगणवाडीत होती, दिवसभर लेकरांमागे धावून यायची. तिचं चूक नव्हतं. तिची नोकरी इथं, वडिलांचं वय झालेलं, त्यामुळे बदली मागायचा प्रश्न नव्हता. आणि बदली मागून तरी काय? दुसऱ्या गावात दुसऱ्या टेबलामागं बसलो असतो.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं अशी गेली. मग नागपूरच्या माझ्या शाळेनं जुन्या मुलांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढला. मी रजा टाकून गेलो. तिथं स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर पहिल्यांदा ऐकलं. पडद्यावर जे असेल ते एक विलायती आवाज घडाघडा बोलून दाखवतो आणि आपण कीबोर्डवरून चालायचं. माउसचा संबंध नाही. टॅब दाबलं की पुढं, शिफ्ट धरून दाबलं की मागं. तो आवाज भरधाव बोलतो, पण बोर्डावर मी एका वेळी चार माणसांचं ऐकलं होतं. महिनाभरात मला ते जमलं.

परत आलो तेव्हा कार्यालयात हातपंपांच्या तक्रारींचं नवं सॉफ्टवेअर बसत होतं. बाहेरगावच्या एका कंपनीनं केलेलं, ब्राउझरमध्ये चालणारं. ते चालवायला ठेक्यावर एक मुलगी घेतली होती. लांजीकडची, डीसीए हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली, बालाघाटात भाड्याच्या खोलीत राहायची. सगळे तिला ऑपरेटर मॅडम म्हणायचे. घरी तिची बोली मराठी, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायची आणि मला भाऊ म्हणायची.

मी साहेबांना म्हटलं, "सर, फोन वाली शिकायतें मैं चढ़ाऊँगा." साहेबांना आनंद झाला. खरंच झाला, त्यांनी शिपायाला सांगून माझ्यासाठी कॉम्प्युटर पुसून घेतला. नागपूरहून आणलेलं ते बोलणारं सॉफ्टवेअर मी त्यावर बसवलं. पहिल्या दिवशी मी लग्नाला घालतात तसा शर्ट घालून गेलो.

तक्रारीचं पान उघडलं. गावाचं नाव टाकलं. टोला, म्हणजे वस्ती, टाकली. पंप कोणाच्या घराजवळ आहे ते टाकलं. टॅब दाबलं. पुढचा रकाना तारखेचा होता. आवाज म्हणाला, "वन." टॅब. "टू." टॅब. "थ्री." तारखेच्या रकान्यात पाऊल ठेवल्याबरोबर एक कॅलेंडर उघडलं होतं आणि मी त्याच्या आत होतो. चालत राहिलो. थर्टी, थर्टी वन, आणि पुन्हा वन. एंटर दाबलं, काही झालं नाही. एस्केप दाबलं, काही नाही. मागं गेलो तर थर्टी वन. हातानं तारीख टाइप करून बघितली, तर रकाना टाइप करू देत नव्हता. शेवटी पूर्ण खिडकी बंद केली, तेव्हा सुटलो. भरलेलं सगळं पुसलं गेलं.

पुन्हा भरलं. पुन्हा अडकलो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तेच करत होतो. कपाळावरून घाम कीबोर्डवर पडत होता. ऑपरेटर मॅडम शेजारच्या टेबलावरून उठून आली.

"काय झालं, भाऊ?"

"मले बाहेर नाई निघता येऊन राह्यलं."

ती माझ्या खांद्यावरून वाकली. "अरे, कॅलेंडर उघडलं आहे. मी तं माउसनं तारखेवर टिचकी मारते, मंग ते मिटते. तुमची जागा दाखवणारा चौकोन नुसता आतल्या आत फिरून राह्यला." तिनं माउस हलवला, टिचकी मारली, आणि विलायती आवाजानं पुढचा रकाना सांगितला. मला एवढं अपमानास्पद कधी वाटलं नव्हतं. ती किती सहज बाहेर पडली.

संध्याकाळी साहेब आले. "कोई बात नहीं," ते म्हणाले. "मॅडम कर लेगी. आप आराम करो."

ज्या कंपनीनं सॉफ्टवेअर केलं होतं तिला साहेबांनी फोन लावला होता. देखभालीचा करार झालेला नाही, असं उत्तर मिळालं. मग मॅडमनं एक गोष्ट केली. तिनं पानाचा आतला कोड उघडून बघितला. त्यात वरच्याच ओळीत लिहिलेलं होतं की हे कॅलेंडर कंपनीनं केलेलं नाही; परदेशातल्या काही लोकांनी तयार करून फुकट ठेवलेल्या संचातून ते घेतलं आहे. बटणं, याद्या, तक्ते, कॅलेंडर असे तयार भाग, कोणीही उचलावे आणि आपल्या पानात बसवावे. खाली वेबसाइटचा पत्ता होता. तिथं त्या संचातल्या चुका कळवायची जागा होती.

"कळवून पाहू," ती म्हणाली.

नाव नोंदवायला गेलो तर चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकायची होती. चित्र मला वाचता येणार नाही. म्हणजे मला बाहेर पडता येत नाही ही तक्रार करायला आधी आत जाता यायला पाहिजे. मॅडमनं अक्षरं वाचली, मी टाइप केली.

माझं इंग्रजी सरकारी. मी लिहिलं: आपले कॅलेंडर काम करत नाही, मला फार त्रास होत आहे, कृपया योग्य ती कार्यवाही करावी. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडलं तेव्हा उत्तर आलेलं होतं. आमच्याकडे व्यवस्थित चालते. तक्रार बंद.

मी संतापलो. मॅडम हसायला लागली. "भाऊ, तुमच्याकडे कोणी फोन करून म्हटलं का हातपंप बिघडला, अन् ठेवून देला, तं तुम्ही काय करसान?"

खरं होतं ते. मी तशा माणसाला दहा प्रश्न विचारायचो. कोणतं गाव, कोणता टोला, दांडा हलतो पण पाणी येत नाही की दांडाच हलत नाही. मग आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिलं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. ब्राउझर कोणता. मला दिसत नाही आणि मी माउस वापरत नाही, हेही लिहिलं. पहिल्या वेळी ते लिहायचं मला सुचलंच नव्हतं. किंवा लिहायचं नव्हतं.

या वेळी उत्तर नीट आलं. त्या संचाची देखरेख करणारा एक माणूस होता. त्यानं लिहिलं की अडचण समजली. पण ही चूक नव्हे. कॅलेंडर माउससाठी बनवलेलं आहे. कीबोर्डनं चालवता येणं ही नवीन सोय झाली. तक्रार त्यानं चुकांच्या यादीतून काढून मागण्यांच्या यादीत टाकली होती. ज्यांना ही सोय हवी त्यांनी मत नोंदवावं. जास्त मतं पडली तर पुढच्या एखाद्या आवृत्तीत विचार करू.

घरी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "म्हंजे दरवाजा यानंच बाहेरून लावला, अन् खोलाची सोय पाह्यजे तं अर्जी करा म्हनते?" त्या दिवसापासून ती माझ्या बाजूची झाली.

तिचं वाक्य मी जमेल तसं इंग्रजी करून त्या माणसाला पाठवलं. त्यानं उत्तर दिलं नाही.

मतं गोळा करायला माझ्याकडे माणसं कुठली? नागपूरच्या शाळेतल्या मित्रांना फोन लावले. एक चंद्रपूरला बँकेत होता, एक अमरावतीला गाणं शिकवायचा, एक पुण्याला. प्रत्येकाला नाव नोंदवताना त्या चित्रातल्या अक्षरांपाशी कोणीतरी डोळस लागत होता. बँकेतल्यानं शिपायाला बसवलं, गाणंवाल्यानं सासूला. सासूनं "ओ" आणि शून्यात घोळ घातला म्हणून त्याचं मत पडायला आठवडा लागला. सगळी मिळून मूठभर मतं झाली. वर दुसरी एक मागणी होती, कॅलेंडरला रंग बदलता यावेत म्हणून. तिला आमच्या कितीतरी पट मतं होती.

दरम्यान मी बसत होतो. तक्रारींचा फोन साहेबांनी माझ्या टेबलावर आणून दिला होता; तो मी घ्यायचो, तक्रार पाठ करून मॅडमला सांगायचो, ती टाइप करायची. ती बाहेर गेली असली तर मी ते पाठ धरून बसायचो, गावांची नावं ओठांवर घोळवत. मलाजखंडच्या खाणीवर तांब्याचे ट्रक भरतात, उतरवतात. मी तसाच झालो होतो, भरायचो आणि रिकामा व्हायचो.

मग त्या देखरेखवाल्यानं आपण होऊन लिहिलं. तुमचा तो आवाज कॅलेंडरात काय बोलतो ते रेकॉर्ड करून पाठवाल का? मॅडमनं आपला मोबाइल स्पीकरपाशी धरला. मी पान उघडलं आणि कॅलेंडरात शिरलो. वन, टू, थ्री. थर्टी वन, वन. मध्येच शिपाई "चाय लोगे क्या, भैया" म्हणाला, तेही त्यात गेलं. मी एस्केप दाबत होतो, जोरजोरात, आणि त्या कळेचा आवाजही गेला.

काही दिवसांनी त्याचं लांब पत्र आलं. त्यानं रेकॉर्डिंग ऐकलं होतं. मग आपल्या कॉम्प्युटरवर तसलंच सॉफ्टवेअर बसवलं, स्क्रीन बंद केली, माउस काढून टाकला आणि स्वतःच्या कॅलेंडरातून बाहेर पडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. शेवटी उठून स्क्रीन लावावी लागली. ही चूकच आहे, त्यानं लिहिलं होतं, आणि मला ती आधी कळली नाही याचं वाईट वाटतं. आमची तक्रार त्यानं परत चुकांच्या यादीत टाकली.

पुढची आवृत्ती आली तेव्हा त्यात ती दुरुस्ती होती. आमच्या तक्रारीच्या पानाखाली कुठल्याशा देशातल्या एका बाईनं लिहिलं की मीही अंध आहे, दवाखान्याची तारीख काल मी पहिल्यांदा स्वतःची स्वतः घेतली, ज्यांनी हे कळवलं त्यांचे आभार. विलायती आवाजानं ते मला वाचून दाखवलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला तिचा राग आला. कारण आमच्या कार्यालयातली प्रत जुनीच होती. बाहेर जगात दार उघडलं होतं आणि मी आत होतो.

मी तसं लिहिलं, रागाचं सोडून. त्या माणसानं जुन्या आवृत्तीत चालेल असा एक छोटा तुकडा वेगळा लिहून पाठवला. एस्केप दाबलं की कॅलेंडर मिटेल, टॅब दाबलं की पुढच्या रकान्यात जाईल, बाणांनी तारीख बदलेल आणि बदलताना बोलेल. फक्त तो सर्व्हरवरच्या फाइलमध्ये टाकायचा होता. सर्व्हर म्हणजे साहेबांच्या खोलीमागच्या कोठीतला एक कॉम्प्युटर. साहेब म्हणाले, "मॅडम को आता हो तो कर लो. पर कुछ बिगड़ना नहीं चाहिए."

मी मॅडमला सांगितलं. ती नेहमीसारखी लगेच उठली नाही.

"भाऊ, एक इचारू? हे झालं, तुम्ही सारं स्वतः भरू लागले, मंग साहेब मले काहून ठेवन?"

माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. शपथेवर सांगतो. ती पुढं म्हणाली, "नोकरी गेली का दुसऱ्याच दिवशी बाबा येतीन न्यायले. पोरगा पाहून ठेवला आहे. मले आता नाई करायचं लग्न. या खोलीचं भाडं मी भरते, म्हणून मी इथं आहे."

नको करू म्हणायला जीभ वळेना. कर म्हणायलाही.

त्यानंतर किती तरी दिवस तो तुकडा तसाच पडून राहिला. "टाइम नाई भेटला, भाऊ," ती म्हणायची. मी "बरं" म्हणायचो. फोन घ्यायचो, पाठ करायचो, तिला सांगायचो. ती टाइप करायची, आणि कळा नेहमीपेक्षा जोरात वाजायच्या. आम्ही एकमेकांशी फार अदबीनं वागत होतो. पूर्वी ती डबा उघडला की आधी लोणचं पुढं करायची, ते बंद झालं. मी साहेबांकडे जाऊन सांगू शकलो असतो. गेलो नाही. चांगुलपणानं नाही; मला तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

एका दुपारी साहेब दौऱ्यावर होते. कोठीतून तिच्या चपला वाजत आल्या.

"भाऊ, बसा कॉम्प्युटरवर."

मी बसलो. गाव, टोला, घर. टॅब. आवाज कॅलेंडरात शिरला आणि आजची तारीख बोलला. मी एस्केप दाबलं. टॅब दाबलं. मग तो म्हणाला, "रिमार्क्स, एडिट." तारखेच्या पुढचा रकाना. मी मागं गेलो. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. आत, बाहेर.

"झालं ना?" ती म्हणाली.

"हौ. पण तुझं?"

"पाहू. रोज तुमचं तोंड पाहून मले बी जेवन जाऊन नोतं राह्यलं."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा नीट विचार केला, आणि मला एक साधी गोष्ट लक्षात आली. तक्रारी दोन रस्त्यांनी यायच्या, फोनवर आणि कागदावर. कागद मला कधीच वाचता येणार नव्हते. गावोगावचे हातानं लिहिलेले अर्ज, पंचायतीचे शिक्के मारलेले. ते कोणतंच सॉफ्टवेअर मला वाचून दाखवत नव्हतं. साहेब दौऱ्यावरून आल्यावर मी हेच सांगितलं. "सर, फोन मेरे, काग़ज़ मॅडम के. मेरे से काग़ज़ नहीं होंगे." साहेबांनी थोडा वेळ पेन टेबलावर वाजवलं. "ठीक है. जब तक ऊपर से कुछ नहीं आता, दोनों चलाओ."

वरून यायचं ते आलंच, पण उशिरा. तिचा ठेका वाढवला नाही. तोवर तिनं मलाजखंडच्या बाजूला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायचं काम शोधलं होतं. बाबा न्यायला आले ते तिचं सामान नव्या खोलीवर पोचवायला. जायच्या दिवशी तिनं माझ्या टेबलावर लोणच्याची बरणी ठेवली आणि म्हणाली, "झाकण घट्ट आहे, वहिनीले सांगा खोलाले." तिचे कागद मग एका बाबूकडे गेले. तो ते आठवड्यातून एकदा चढवायचा, कधी तेही नाही.

माझी नोंद मात्र चालू राहिली. सकाळी आलो की पान उघडायचो. त्या देखरेखवाल्यानं नंतर मला इतर भागही तपासायला पाठवले, याद्या, तक्ते. काही चालायचे, काहींत मी अडकायचो आणि त्याला कळवायचो. साहेब बदलून गेले, दुसरे आले. तेही म्हणाले, "आप आराम से बैठो." मी म्हटलं, "सर, फोन आ रहा है."

पुढच्या उन्हाळ्यात एकदा मलाजखंडकडून फोन आला. वस्तीतला हातपंप बंद पडला, बाया दूरवरून पाणी आणून राह्यल्या. मी सवयीनं विचारलं, दांडा हलतो का?

"हलते, भाऊ. पाणी नाई येत."

आवाज मी ओळखला होता. तरी रीतीप्रमाणे गाव विचारलं, टोला विचारला, कोणाच्या घराजवळ ते विचारलं. ती हसत हसत सांगत गेली. तारीख टाकली, नोंद केली, नंबर दिला.

"आता मिस्त्री कधी येईल ते सांगा," ती म्हणाली.

मिस्त्री लग्नाला गेला होता, आठवडाभर येणार नव्हता. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमच्या नोंदीचं मी काय करू?" आणि भांडायला लागली, अगदी लामत्याच्या सरपंचासारखी, आणि मी तिचं भांडण पूर्ण ऐकून घेतलं.